आधी विसावा, मग बियाणं

इंदूरच्या आसपासच्या माळव्यात वर्षाकाठी सुमारे साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरातच. वर्षभराचं गवत याच चार महिन्यांत उगवायचं. पूर्वी इथली बरीच काळी शेतं खरिपात पडीक असत, तिथे गुरं चरत. सोयाबीन आलं, १९८७ साली त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरात उभं राहिलं आणि ती पडीक रानं पेरणीखाली गेली. चराईचा भार गावच्या चरनोईवर, म्हणजे गायरानावर आला; तेही पट्टेवाटपात आणि अतिक्रमणांत आक्रसलं. उरलेलं रान सुधारायचं म्हटलं की पहिला विचार बियाण्याचा होतो. माझ्या मते तो दुसरा असायला हवा.

मारवेल आणि पवन्या ही गवतं गुरांना आवडतात, म्हणूनच ती आधी संपतात. पहिल्या पावसानंतरचा कोंब मुळांतल्या साठ्यावर वाढतो. तो लगेच ओरबाडला जात राहिला तर मूळ दुबळं होतं आणि बी धरायची वेळच येत नाही. मागे उरतात तोंडात रुतणारी कुसळी आणि गुरं टाळतात तो तरोटा. नव्या पेरणीचीही हीच गत होईल. पेरायचंच तर मारवेलचं हलकं बी माती-शेणात मिसळून गोळ्या कराव्यात, स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं टणक बी गरम पाण्यातून काढावं आणि पावसाच्या तोंडावर उथळ ओळींत पेरावं. सरसकट नांगरट नको. तिने जुनी ठोंबं मरतात, उतारावरची माती वाहते. स्टायलो हवेतला नत्र जमिनीत आणतो, चाऱ्यातली प्रथिनंही वाढवतो. पण कोवळ्या रोपाला एक अख्खा पावसाळा मोकळा मिळाला नाही, तर ही सारी मेहनत फुकट जाते.

रान बंद केलं तर भूमिहीन शेळीवाल्याने जायचं कुठे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सगळं रान एकदम बंद करू नये. दरवर्षी एक चौथाई राखावं आणि तिथलं गवत बी झडल्यावर कापून घरटी वाटावं. बांधावर नेपियर लावा, हा सल्ला पाणी आणि जमीन असलेल्यालाच लागू पडतो. गवताळ रानावर झाडं लावणं हाही उपाय नव्हे. सैलान्याचं १९८३ सालचं अभयारण्य ज्या तणमोर पक्ष्यासाठी आहे, त्याला उघडं गवतच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं आहे, म्हणजे कायद्याचा आधारही आहे. तेव्हा कोणता तुकडा राखायचा हे ग्रामसभेने मे महिन्यातच ठरवावं आणि जिथे तसा ठराव झाला असेल, तिथेच बियाण्यावर सरकारी पैसा खर्च व्हावा.