वल्ह्यांमागचा हिशेब

भिलाई म्हटले की पोलाद आठवते, पाणी आठवत नाही. वस्तुतः १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून तेथील पोलाद कारखान्याचे गाडे पाण्यावाचून एक दिवसही चाललेले नाही. मरोदा येथील जलाशय त्यासाठीच आहेत. या नगरीत २००५ पासून तंत्रविद्यापीठ आहे आणि आता आयआयटीही आहे. तरुणाई आहे, पाणीही आहे. उद्या तेथील विद्यार्थ्यांच्या मनात नौका-क्लब काढण्याचे आले, तर तो चालवावा कसा? याचे उत्तर पुण्यातील एका जुन्या अभियांत्रिकी संस्थेच्या घाटावर सापडते.

१८५४ साली सुरू झालेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजेच सीओईपी, २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. मुळा नदीच्या काठावरील त्याचा बोट क्लब मात्र १९२८ पासूनचा आहे. येथील नौका शिडाच्या नव्हेत, वल्ह्यांच्या. दरवर्षी साधारणतः मार्च महिन्यात होणारा ‘रेगाटा’ हा क्लबचा उत्सव. पंट नौकांच्या रचना, कयाकचे नृत्य आणि शेवटी अंधारात फिरणाऱ्या मशाली पाहण्यासाठी पुणेकर काठावर गर्दी करतात. या सोहळ्याचे आयोजन विद्यार्थीच करतात. तथापि मशालींची ती संध्याकाळ वर्षभराच्या कामावर उभी असते.

नाजूक ठेव

शर्यतीची नौका ही मोठी नाजूक वस्तू. एकट्याने वल्हवायची नौका सुमारे आठ मीटर लांब असते, पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिचे किमान वजन अवघे १४ किलो. आठ जणांची नौका सुमारे १८ मीटर लांब आणि किमान ९६ किलो वजनाची. म्हणजे प्रत्येक वल्हेकऱ्याच्या वाट्याला केवळ १२ किलो! असे पातळ कवच पायरीवर आपटले तरी त्याला तडा जातो. म्हणून ती सर्वांनी मिळून उचलायची, पाण्यातून काढल्यावर धुवायची, पुसायची आणि मांडणीवर ठेवायची. सैल झालेले बोल्ट, झिजलेली सरकती बैठक, वल्ह्याची भेग ज्याच्या नजरेस पडेल त्याने त्याच दिवशी नोंदवायची. नवी नौका घेण्याचा आनंद मोठा. पण बँकेच्या भाषेत ज्याला घसारा म्हणतात, तो पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. दुरुस्तीसाठी दरवर्षी रक्कम बाजूस न ठेवणारा क्लब काही वर्षांतच मोडक्या नौकांचे गोदाम होतो.

दुसरी जबाबदारी माणसांची. पोहता येत नसेल त्याच्या हाती वल्हे द्यायचे नाही, ही पहिली अट. जगभरच्या अशा क्लबांत एक साधी नोंदवही असते: कोण गेले, कोणती नौका नेली, केव्हा निघाले, केव्हा परतले. यांतील शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अंधार पडू लागला आणि तो रिकामा दिसला, तर काठावरच्याने तत्काळ शोध सुरू करायचा असतो. रोकडवही जुळल्याखेरीज जसे रोखपालाला घरी जाता येत नाही, तसेच हे.

पुण्यातच दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात सेनेचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ तेथेच घडले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले. तेथे पूर्णवेळ प्रशिक्षक आणि लष्करी शिस्त. विद्यार्थ्यांना मात्र हे सारे तासिका, प्रात्यक्षिके आणि परीक्षा सांभाळून करावे लागते.

नदीचे दुखणे

एक गोष्ट मात्र कोणत्याही वहीत बसत नाही; ती म्हणजे नदी. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर ती पोसते व अनुकूल काळात दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते. पावसाळ्याच्या पुरात ती वाहून जाते. पण उन्हाळ्याच्या तोंडावर, नेमक्या रेगाटाच्या सुमारास, पात्र पुन्हा हिरवे होते. मग वल्हे पाण्यात शिरतच नाही. ही जलपर्णी काढता येते, पण शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत येत राहील तोवर ती परतणारच. ते थांबवणे एका क्लबच्या हाती नाही. साऱ्या शहराच्या हाती आहे.

सुपूर्द करण्याची रीत

अशा क्लबचा खरा कस लागतो तो वर्षाअखेरीस. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिल्या वर्षी वल्हे धरायला शिकलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी जाणता होतो आणि तेव्हाच त्याची निरोपाची वेळ येते. त्याच्या हातचे कौशल्य कनिष्ठांच्या हाती गेले नाही, तर ते त्याच्याबरोबरच जाते. म्हणून नौकांची यादी, किल्ल्या, जमाखर्च, उधारी, कोणत्या नौकेचे काय दुखते याची माहिती, हे सारे समोर बसून सोपवावे लागते. १९२८ मध्ये ज्यांनी क्लब उभारला, त्यांना आजचे वल्हेकरी ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही घाटावरून नौका सुटत आहेत.

भिलाईच्या तरुणांनी उद्या पाण्यावर नौका उतरवायचे ठरवलेच, तर नौकेआधी त्यांनी एक वही विकत घ्यावी. नौका पुढेमागे जुनी होईल. वही नीट लिहिली, तर क्लब होणार नाही.