खडे काढून वाळू घालताना

फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८७२ साली पुण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या लोच माशाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि कर्नल एव्हेझार्ड यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं. आज हा मासा इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये, गोट्यांच्या सांदीत तो राहतो. पुण्याच्या नद्यांमध्येच लेपिडोसेफॅलिक्थिस या गटातले लोचही आढळतात. त्यांची तऱ्हा अगदी निराळी. चाहूल लागली की ते वाळूत घुसतात आणि बऱ्याचदा फक्त डोळे तेवढे बाहेर ठेवतात. दोघेही लोचच, पाणीही एकाच मुलखातलं, पण एकाला दगड लागतात आणि दुसऱ्याला वाळू. घरातल्या काचेच्या टाकीत तळाला काय घालायचं, हा प्रश्न इथूनच सुरू व्हायला हवा. टाकीत कोण राहणार आहे, हे आधी ठरवायचं आणि मग तळ.

आपल्याकडे हे सहसा उलट घडतं. टाकी घेतानाच दुकानदार निळ्या, लाल किंवा पांढऱ्या खड्यांच्या दोन-तीन पिशव्या सोबत देतो, आणि तो तळ वर्षानुवर्षं तसाच राहतो. मासे मात्र बदलत जातात. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा असे मधल्या आणि वरच्या थरात पोहणारे मासे असतील तर खड्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. केवळ वाळू छान दिसते म्हणून अशी स्थिरावलेली टाकी उपसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तळाशी कोरी किंवा कुहली लोच असतील, तर वाळूचा विचार जरूर करावा. कोरी मासा तोंडाने वाळू उचलतो, त्यातलं खाणं वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे सोडून देतो. खड्यांवर त्याला हे करताच येत नाही. कोरींच्या मिशा झिजतात त्याचं खापर नेहमी खड्यांच्या धारेवर फोडलं जातं. खरा दोष बहुतेक वेळा खड्यांखाली कुजणाऱ्या घाणीचा आणि तिच्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. खाण्याचे कण, विष्ठा, सडलेली पानं खड्यांच्या फटींतून खाली उतरतात आणि तिथेच साचतात. वाळूवर हीच घाण वरच पडून राहते, डोळ्यांना दिसते आणि सायफनने ओढून घेता येते. गोल्डफिशचं कारण अजून साधं आहे. तो तळ चघळत फिरतो आणि नेमक्या आकाराचा खडा त्याच्या घशात अडकू शकतो.

वाळू घालायची असं ठरलं, की दुकानात जाण्याआधी एक गोष्ट तपासावी. खड्यांखाली प्लास्टिकची जाळीदार प्लेट आहे का? आपल्याकडच्या अनेक जुन्या टाक्यांत अंडरग्रॅव्हल फिल्टर असतो. एअर पंपाच्या जोरावर पाणी खड्यांतून खाली ओढलं जातं आणि नळीतून वर येतं. अशा टाकीत खडे हाच फिल्टर. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या खड्यांच्या अंगावर थर धरून बसलेले असतात. खडे एका दुपारी काढून फेकले, तर टाकी चकचकीत दिसते आणि चार-पाच दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. शिवाय या प्लेटवर वाळू चालतच नाही. ती फटींतून खाली जाते आणि सगळं चोंदून टाकते. म्हणजे वाळू घालायची तर प्लेट काढावीच लागणार, आणि प्लेट काढायची तर जिवाणूंसाठी आधी दुसरं घर उभं करावं लागणार.

ते घर म्हणजे साधा स्पंज फिल्टर. जुना फिल्टर चालू ठेवून त्याच टाकीत स्पंज फिल्टर बसवावा आणि चार ते सहा आठवडे दोन्ही सोबत चालू द्यावेत. हे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला अनेक तास, कधी एखादा दिवसही लागतो, त्यामुळे इथे घाई उपयोगाची नाही. ज्यांच्याकडे आधीपासून हँगिंग किंवा कॅनिस्टर फिल्टर आहे, त्यांचं काम बरंच सोपं. फक्त तळ बदलण्याच्या आगेमागे त्यांनी तो फिल्टर धुवायला काढू नये.

दुसरा सापळा पाण्यात आहे, आणि पुण्यात तो विशेष जाणवतो. खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. नळाला येणारं हे पाणी तुलनेने मऊ असतं, त्यात क्षार कमी. बेसाल्टच्या भेगांतून उपसलेलं बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की अनेक टाक्यांमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. आता खड्यांकडे पाहा. पांढरे खडे पुष्कळदा संगमरवराच्या चिप्स असतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाण्याची क्षारता टिकवून धरतो. हे खडे काढून क्वार्ट्झची वाळू घातली, की मऊ पाण्याला मिळणारा तो आधार संपतो. अमोनिया पचवणारे जिवाणू स्वतः क्षारता खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. म्हणून वाळू घातल्यानंतर काही आठवड्यांनी, सगळं सुरळीत वाटत असताना, पीएच घसरू शकतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. ही क्षारता मोजणारं कार्बोनेट हार्डनेसचं टेस्ट किट आठवड्यातून एकदा वापरलं आणि थोडं-थोडं पाणी नियमित बदललं, तर हे वेळेत लक्षात येतं. खडे चुन्याचे आहेत का, हे घरीच पाहता येतं. खडा कोरडा करून थोडा फोडावा आणि ताज्या भागावर व्हिनेगर टाकावं. बारीक बुडबुडे आले तर चुना आहे.

वाळूलाही हीच परीक्षा लावावी. कोकणच्या किनाऱ्यावरून हौसेने पिशवीभर वाळू आणणारे अनेक जण असतात, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. मऊ पाणी आवडणाऱ्या कोरींसाठी ती नको. नदीची वाळू तर मुळीच आणू नये. महाराष्ट्रातल्या नद्यांची पात्रं वाळूउपशाने आधीच खरवडून निघाली आहेत. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सांगितलं, ते याच काळजीपोटी. वाळूत दडणाऱ्या ज्या लोचचा उल्लेख वर केला, त्याचं घर उचलून आपल्या टाकीतल्या परदेशी माशाला देणं मला पटत नाही. शिवाय शहरातून वाहणाऱ्या मुठेत काय-काय मिसळतं, हे पुणेकरांना सांगायला नको. बांधकामाची क्रश सँड म्हणजे दळलेला बेसाल्ट. तिने पाणी बिघडत नाही, पण तिचे कण धारदार असतात आणि भुकटी इतकी, की धुताना माणूस थकतो.

सर्वांत बरी ती जलशुद्धीकरणाच्या आणि स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू. तिचे कण चाळून सारखे केलेले असतात. अर्धा ते एक मिलिमीटरचा कण घ्यावा. त्याहून बारीक वाळू घट्ट बसते आणि पंपात ओढली जाते. महाराष्ट्रात सिलिका वाळूच्या खाणींसाठी सिंधुदुर्गातलं कासार्डे ओळखलं जातं, आणि अशी वाळू मुख्यतः काच व ओतकामासाठी वापरली जाते. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. तीन फुटी टाकीचा तळ साधारण ९० बाय ३० सेंटिमीटर. चार सेंटिमीटरच्या थराला जवळपास ११ लिटर वाळू लागते, म्हणजे वजनाने १६ ते १७ किलो. थर पाच सेंटिमीटरच्या वर नेऊ नये. खोल, न हलणाऱ्या वाळूत ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो.

वाळू थोडी-थोडी बादलीत घेऊन, पाइपचं पाणी सोडून, हाताने ढवळून धुवावी. गढूळ पाणी झाडांना घालता येतं. वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत धुणं थांबवू नये, कारण इथे केलेला कंटाळा पुढे आठवडाभर दुधाळ पाण्यात दिसतो.

प्रत्यक्ष बदल एका दिवसात करावा की पट्ट्यापट्ट्याने, यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. मी एका दिवसाच्या बाजूने. मासे टाकीत असताना खडे उपसले, तर तळाची सगळी कुजकी घाण त्यांच्याच कल्ल्यांत जाते. आदल्या दिवसापासून खाणं बंद ठेवावं. टाकीतलंच पाणी मोठ्या टबात काढून मासे त्यात ठेवावेत, स्पंज फिल्टर किंवा एअर स्टोन तिथे चालू करावा आणि टबावर झाकण घालावं. फिल्टर कोरडा पडता कामा नये. मग खडे काढावेत, उरलेलं काळं पाणी फेकून द्यावं, ओली वाळू पसरावी आणि तळावर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी अँटी-क्लोरीनने मारावं. तापमान सारखं झालं की मासे परत सोडावेत. काढलेले मूठ-दोन मूठ खडे न धुता जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ टांगावेत. त्यांच्यावरचे जिवाणू अडचणीच्या दिवसांत हातभार लावतात.

पुण्यात या कामाला दिवाळीनंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नळाचं पाणी कधीकधी गढूळ येतं. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी तिशीपर्यंत चढतं, आणि २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास असणारा ऑक्सिजन ३० अंशांना साडेसातवर येतो. पाणी बोअरचं असेल तर अजून जपावं, कारण त्याचा पीएच बहुधा जास्त असतो. २५ अंश तापमानात आणि पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो.

पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासावं, आणि कोणतंही शून्याच्या वर दिसलं तर पाव टाकी पाणी बदलावं. खाणं निम्मं ठेवावं. वाळूवर तपकिरी साय धरेल. ती डायटमची असते, बोटाने निघते आणि सहसा काही आठवड्यांत आपोआप कमी होते. सायफनची नळी वाळूत खुपसू नये, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वरून फिरवावी. वाळू हलती ठेवायला मेलनॉइडिस ट्यूबरक्युलाटा ही निमुळत्या शंखाची गोगलगाय चांगली. ती मूळची आपल्याकडचीच, दिवसा वाळूत राहते आणि रात्री वर येते. खाणं जास्त पडलं तर तिची संख्याही वाढते, हे लक्षात ठेवावं. जिथे ती पोहोचत नाही, तिथे आठवड्यातून एकदा काडीने वरचा थर हलवावा, आणि त्या वेळी पंप बंद ठेवावा. दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट सलग शून्य राहिलं, की टांगलेली खड्यांची पिशवी काढून घ्यायला हरकत नाही.