पाती उलटून बघा

माडाला पांढऱ्या माशीने धरल्याचं आधी त्याच्या पायथ्याच्या केळी सांगतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात त्यांची पानं काजळल्यासारखी होतात, बोट लावलं की चिकटतं. दोष केळीचा नसतो. वर झावळीच्या पाठीला बसलेली माशी रस शोषते, गोड चिकटा खाली ठिबकवते आणि त्यावर काळी बुरशी चढते.

म्हणून आमच्या वाडीतलं पहिलं काम म्हणजे खालची झावळी ओढून पाती उलटायची. रांगोळी अर्धवट टाकून कुणी उठून जावं, तशी पांढऱ्या मेणाची वेटोळी दिसतात, अंडी त्यातच. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी, मूळची मध्य अमेरिकेकडची. भारतात २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीजवळच्या माडांवर ती पहिल्यांदा नोंदली गेली. आता कोकण-गोव्यातही आहे. पेरू आणि चिकूही तिला चालतात.

खरी मेख पुढे आहे. भिंग घेतलं की पांढऱ्या पिल्लांत काही काळी पडलेली दिसतात. लोक ती बघून घाबरतात, मला मात्र हायसं वाटतं. एन्कार्सिया नावाची जेमतेम मिलिमीटरभर गांधीलमाशी त्यांच्यात अंडी घालते आणि तिची अळी पिल्लाला आतून खाते. रिकाम्या कोशाला वाटोळं भोक असेल तर आतून एन्कार्सिया बाहेर पडली. इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर पांढरी माशीच उडाली. अजून भोक न पडलेल्या काळ्या कोशांच्या पात्या कापून नव्याने लागण झालेल्या माडाला टाचून ठेवायच्या.

शेजारी विषारी औषध मारायचा आग्रह धरतात. त्याने आधी मरते ती एन्कार्सिया, आणि माशी पुन्हा दुपटीने उसळते. त्यापेक्षा ठेंगण्या माडांवर आणि पेरूवर पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या पाठीवर मारावा. फारच झालं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोडा साबण घालून. काजळीवर पातळ खळ फवारली की ती वाळून पापुद्र्यासकट गळते, पान पुन्हा हिरवं दिसतं. पिवळे चिकट सापळे मी जपूनच लावतो, त्यांत एन्कार्सियाही अडकते.

जुन्या उंच माडांच्या शेंड्यापर्यंत आमचा पंप पोचतच नाही. तिथे नारळ काढायला चढलेल्या पाडेल्याच्या हाती काळ्या कोशांच्या पात्या देतो. बाकी काम एन्कार्सियाचं आणि जूनच्या पावसाचं.