इंजिन बसलं, पण गाडी संपली का?

मे महिन्यात हिंगोली-नांदेड रस्त्यावर पारा चाळिशी ओलांडतो. आखाडा बाळापूर मागे पडते, एसी चालू असतो आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरतो. ‘आता पोचलोच’ म्हणत गाडी तशीच दामटली की इंजिन जागेवर बंद पडते. गॅरेजवाला सांगतो, ‘इंजिन बसलं.’ मग घरात एकच चर्चा: काम करायचे की भंगारात द्यायची? मोजमाप झाल्याशिवाय याचे उत्तर देऊ नये.

अनेक गाड्यांच्या इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनिअमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. तेवढ्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी आवळलेल्या हेडला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वाकते. मधले गॅस्केट जळते, कूलंट ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल दुधाळ होते. असे ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. इथेच इंजिन थांबवले असेल, तर बहुधा हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणे) आणि नवे गॅस्केट यावर भागते. तसेच पळवले असेल, तर क्रँक आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोचते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

पावसाळ्यातले कारण वेगळे. ओढ्याच्या पुरात गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर पिस्टन अडतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारू नये, ते यासाठीच.

इंजिन फिरत असेल तर पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहतात. धडधाकट पेट्रोल इंजिनात तो साधारण १५० ते २०० पीएसआय भरतो. एखाद्यात कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंग किंवा बोअर झिजले आहेत. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल, तर मधले गॅस्केट गेल्याचा दाट संशय. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट तपासतात. अनेक इंजिनांत चालणारी फट केवळ ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मी असते.

त्यानंतर गाडी वर उचलून चॅसी आणि खालचा पत्रा पाहावा. इंजिन बदलता येते, गंजाने पोखरलेला सांगाडा परवडण्याजोगा सुधारता येत नाही.

आता हिशेब. समजा, दुरुस्तीनंतर गाडीला दीड लाख येतील, काम ७० हजारांचे आहे आणि आहे त्या स्थितीत ३० हजार मिळतात. दुरुस्तीनंतर हाती ८० हजारांचे मूल्य उरते, म्हणजे काम करणे फायद्याचे. तेच काम सव्वा लाखाचे निघाले, तर उरतात २५ हजार. अशा वेळी सोडून देणे शहाणपणाचे. गेल्या वर्षी टायर-बॅटरीवर केलेला खर्च यात धरू नये, तो दोन्ही वाटांत गेलेलाच आहे. मात्र १५ वर्षे झालेल्या गाडीची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर जरूर धरावा.

भंगारात द्यायचे ठरले, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रच गाठावे. सप्टेंबर २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. तिथला धातूही वाया जात नाही: पुनर्वापराचे अ‍ॅल्युमिनिअम बनवायला खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. गाडी कागदाशिवाय रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली, तर आरटीओच्या दप्तरी ती तुमच्याच नावावर राहते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये.