तातडीच्या मनोरुग्णाचे स्थानांतरण आणि भाषेचा प्रश्न

तालुक्याच्या रुग्णालयात एखाद्या मनोरुग्णाविषयी 'याला पुढे हलवा' असे म्हटले जाते, तेव्हा 'पुढे' या शब्दाचा अर्थ गावोगाव निराळा असतो. जिल्हा रुग्णालयात सोय न झाल्यास तो बहुधा ठाणे, येरवडा, रत्नागिरी किंवा नागपूर असा होतो. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ही चारच. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही.

अशा स्थानांतरणाचे उघड कारण म्हणजे विकाराची तीव्रता. परंतु सारख्याच तीव्रतेच्या दोन रुग्णांपैकी एक जागीच राहतो व दुसरा पाठविला जातो, याचा उलगडा केवळ तीव्रतेने होत नाही. मनोविकारतज्ज्ञ आहे की नाही, खाट रिकामी आहे काय, वेळ रात्रीची आहे काय, सोबत नातेवाईक आहे की पोलीस, या गोष्टी तेथे निर्णायक ठरतात. शारीरिक व्याधीचा ओढा मात्र उलट दिशेचा असतो. विष घेतलेल्या रुग्णाला आधी सर्वसाधारण रुग्णालयच हवे.

२९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या (२०१७) कलम ९४ अन्वये कोणताही नोंदणीकृत वैद्य तातडीचे उपचार करू शकतो. रुग्णास जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणे हाही त्या उपचारांचाच भाग मानला आहे. मुदत सामान्यतः ७२ तासांची, अथवा संस्थेत तपासणी होईपर्यंतची, यांतील जी आधी संपेल ती.

आता भाषेकडे वळू. ताप तापमापक सांगतो. विचारांतील बिघाड मात्र मुख्यतः बोलण्यावरूनच ताडावा लागतो. भामरागडचा माडियाभाषक रुग्ण तीनशेहून अधिक किलोमीटरांवरील नागपुरास आला, की त्याचे द्राविडी कुळातील बोलणे मराठी वा हिंदी जाणणाऱ्या वैद्याला उमगत नाही. नातेवाईक दुभाषा होतो आणि लांबलचक बोलण्याचे भाषांतर 'काहीबाही बडबडतो' एवढेच करतो. वास्तविक वैद्याला हवी असते ती बोलण्याची घडण: वाक्ये तुटतात काय, नवे शब्द बनविले जातात काय, उत्तर प्रश्नाला धरून आहे काय. दुभाषाचा सारांश नेमका हाच पुरावा नष्ट करतो.

याचा धोका काल्पनिक नव्हे. मेंदूपर्यंत पोचलेल्या हिवतापातही रुग्ण बरळतो. आणि गडचिरोली हा हिवतापाचा जिल्हा आहे. तो वार कोणता, स्थळ कोणते हे विसरला आहे, की सर्व जाणूनही त्याला आवाज ऐकू येत आहेत, हे त्याच्या भाषेत विचारल्यावाचून कळावयाचे कसे? येथे चूक झाली, तर ज्याला रक्ततपासणी व तातडीची औषधे हवीत तोच रुग्ण मनोरुग्णालयाच्या वाटेला लागेल.

कायद्याला भाषेचे भान मुळीच नाही असे नव्हे. कलम २२ प्रमाणे रुग्णास त्याला समजेल अशा भाषेत व रूपात माहिती मिळण्याचा हक्क आहे. कलम ९३ प्रमाणे त्याला दुसऱ्या संस्थेत हलविण्यापूर्वी त्याला व त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कारणे कळवावी लागतात. पण हे दोन्ही हक्क संस्थेकडून रुग्णाकडे जाणाऱ्या शब्दांचे आहेत. रुग्णाकडून वैद्याकडे येणाऱ्या शब्दांचे काय, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाची भाषा, दुभाषाचे नाते आणि रुग्णाची दोनचार वाक्ये जशीच्या तशी देवनागरीत उतरविली, तर पुढील वैद्याला ती जाणकाराकडून वाचवून घेता येतील. माडिया, कोरकू व भिली बोलींत झोप, भीती, भास यांना कोणते शब्द आहेत, त्यांचा संग्रह करणे हे तर आपल्याच विभागांचे काम आहे.