मेहरूण तलाव : मूर्ती विरते, रंग उरतो

मेहरूण म्हटले की जळगावकरांना आधी बोरे आठवतात, मग तलाव. गणेशमूर्तींचे विसर्जन इथेच.

प्लास्टर ऑफ पॅरिस : मुळात कॅल्शियम सल्फेट. शाडूसारखे लवकर विरत नाही. पाण्याचा जडपणा वाढवते.

रंग : खरी चिंता यांचीच. रासायनिक रंगांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम असू शकते. हे धातू कुजत नाहीत. गाळात बसतात, तिथून किडे-माशांच्या शरीरात जातात. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, कॅडमियम मूत्रपिंडांना. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे मर्यादा (आयएस १०५०० : २०१२) : शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३.

साचणे आणि वाढणे : एका जिवाच्या शरीरात विष साठते, तो जैवसंचय. पारा मात्र अन्नसाखळीत पायरीगणिक वाढत जातो; जपानमधील मिनामाता आजार (१९५६) त्यातलाच.

निर्माल्य, सांडपाणी : कुजताना पाण्यातला प्राणवायू घटतो. फॉस्फेटने शेवाळ माजते. मासे मरतात.

अभ्यास कोणाचा? रसायनतज्ज्ञ धातू मोजतो, जीवशास्त्रज्ञ मासा तपासतो, डॉक्टर रक्त. जळगावच्या विद्यापीठात (स्थापना १९९०) पर्यावरण व भूविज्ञानाची स्वतंत्र प्रशाळा आहे.

नियम : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्तिविसर्जनविषयक मार्गदर्शक सूचना २०१० च्या, २०२० मध्ये सुधारित.