शहरात बिऱ्हाड करताना आधी वस्ती पारखा

गावगाड्याच्या जाचातून सुटायचे असेल तर खेड्याबाहेर पडले पाहिजे, हा विचार बाबासाहेबांनी समाजापुढे ठेवला. त्या विचाराने आपल्या दोन-तीन पिढ्या शहरात आल्या. पूर्वी गिरणी, गोदी आणि रेल्वेत काम मिळे. आता सुरक्षारक्षक, सफाई, बांधकाम, रुग्णालय, भिवंडीची गोदामे, घरकाम अशी कामे मिळतात. देवगिरी, तपोवन, सेवाग्राम, विदर्भ या गाड्यांनी मराठवाड्यातून आणि विदर्भातून आजही कुटुंबे मुंबई-ठाणे-कल्याणकडे येत आहेत.

काम लागले की पहिला प्रश्न येतो बिऱ्हाडाचा. बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. भाडे किती आणि डिपॉझिट किती? खोली पाहिली, मोरी आहे, वर पोटमाळा आहे, दिवसा वारा येतो, की पैसे देऊन मोकळे होतात. पण चार भिंतींइतकाच त्या भिंतींच्या भोवतालचा भाग आपल्या वाट्याला येतो. रात्री घरी परतणारी लेक, नळावर जाणारी आई, शाळेत जाणारी मुले, सगळ्यांचे जगणे वस्तीवर अवलंबून असते. म्हणून खोलीच्या आधी वस्ती पाहावी.

तीन वेळा जाऊन पाहा

दलाल सहसा खोली दाखवतो ती दुपारी. दुपारी कोणतीही वस्ती शांतच दिसते. म्हणून पैसे देण्याआधी स्वतः तीन वेगवेगळ्या वेळी जावे आणि निदान एकदा तरी घरातील बाईमाणसाला बरोबर न्यावे. पुरुषाच्या नजरेला जे दिसत नाही ते तिला दिसते.

पहिली फेरी पाण्याच्या वेळी. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, नळ स्वतःचा की सामाईक, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतो, हे नळावरच्या बायकांना विचारावे. त्या खरे सांगतात. शौचालय सार्वजनिक असेल तर ते घरापासून किती अंतरावर आहे, रात्री तिथे दिवा असतो का, दाराला आतून कडी आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कडी नसलेले शौचालय ही फक्त गैरसोय नाही. मुलींच्या दृष्टीने तो धोका आहे.

दुसरी फेरी रात्री दहानंतर. घरातील ज्या माणसाची पाळी सर्वांत उशिरा सुटते, त्या वेळी स्टेशनपासून त्या खोलीपर्यंत चालत जावे. वाटेत दिवे किती लागतात? दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात? शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते? दारूचा गुत्ता किंवा जुगाराचा अड्डा वाटेवर आहे का? पडीक इमारत, झुडपे, अंधारा बोगदा लागतो का? मध्यरात्रीनंतर लोकल काही तास बंद असतात. शेवटची गाडी चुकली तर घरी कसे यायचे, हेही आधी ठरवून ठेवावे.

याच फेरीत रूळ पाहावेत. पलीकडे जायला पादचारी पूल आहे की लोक रूळच ओलांडतात? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत रूळ ओलांडणारे बरेच होते. मुलांच्या शाळेची रोजची वाट रुळांवरून जात असेल, तर भाडे पाचशे रुपयांनी कमी असूनही ती खोली महागच पडली.

तिसरी फेरी पावसात. पावसाळा नसेल तर भिंतीवर पाण्याच्या जुन्या खुणा दिसतात का ते पाहावे. किराणा दुकानदाराला विचारावे, की माल खालच्या फळीवर ठेवता की वरच्या? उत्तरातून बरेच कळते.

डोंगर, नाला आणि संरक्षक भिंत

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. तिकडे उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर पट्ट्यात शिरले. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तीही याच नदीच्या खोऱ्यात. पूर जिथे एकदा आला तिथे तो पुन्हा येतो.

डोंगरउताराचे तसेच आहे. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूरच्या माहुल भागात आणि विक्रोळीत घरे कोसळली. दोन्ही ठिकाणी मिळून पंचवीसहून अधिक जीव गेले. माणसे झोपेत होती. डोंगरउतारावर मुरलेले पाणी माती आणि भिंत दोन्ही पुढे ढकलते. भिंतीला पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे नसतील, ती बुजली असतील, भिंतीला पोट आले असेल किंवा तडे गेले असतील, तर तिच्या पायथ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

गरीब माणूस हौस म्हणून नाल्याकाठी किंवा कड्याखाली राहत नाही. चांगली जमीन त्याला परवडत नाही म्हणून तो तिथे जातो. दोष त्याचा नाही. पण त्याच वस्तीतही नाल्यापासून चार ओळी आत, उतारापासून थोडी दूर, अशी खोली बहुतेक वेळा मिळते. त्यासाठी दोनतीनशे रुपये जास्त पडले तरी द्यावेत.

कागद मागायला लाजू नका

आपल्याकडे एक सवय आहे. घरमालक किंवा दलाल ओळखीचा, गावाकडचा, भावकीतला असेल तर कागद मागायला आपण संकोचतो. संकोच करू नये. आपला माणूस असेल तर तो कागद आनंदाने देईल. जो कागदाचे नाव काढताच रागावतो, त्याच्याकडे रक्कम देऊ नये.

भाड्याची खोली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लक्षात ठेवावा. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. भाडे दिले की पावती मागण्याचा हक्क आहे. खोली खाली करावी म्हणून मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. नोंदणीकृत करार हा मुलांच्या शाळेपासून गॅसपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्यावे आणि ती रक्कम करारात लिहून घ्यावी.

खोली किंवा फ्लॅट विकत घेणार असाल तर दुप्पट सावध राहा. स्वस्त इमारतीत आयुष्याची पुंजी घालून माणसे रस्त्यावर आली आहेत. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा भागात बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत इमारत पडून १७ जणांचा जीव गेला. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. कल्याण-डोंबिवलीत तर बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी महारेराचे नोंदणी क्रमांकही मिळवले गेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणजे फलकावरचा रेरा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र खरे आहे का, हे महानगरपालिकेच्या नगररचना कार्यालयात जाऊन विचारावे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जमीन कोणाची आहे तेही पाहावे. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे घर आपल्या मालकीचे झाले, असे होत नाही.

झोपडपट्टीतील खोली घेताना तारीख विचारावी. १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र झोपडीधारकांना मोफत पुनर्वसन आहे. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून आहे. त्यापुढची झोपडी विकताना ‘इमारत येणार, फ्लॅट मिळणार’ असे कोणी सांगत असेल, तर ते शब्द लेखी मागा.

नाव लपवून मिळालेले घर

आता एक प्रश्न, जो दलाल पहिल्या पाच मिनिटांत विचारतो आणि आपण घरी येऊन कोणाला सांगत नाही. ‘आडनाव काय? गाव कुठले? घरात मटण-मासे करता का?’

हा अनुभव केवळ कमी शिकलेल्यांचा नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत जागा सोडणे भाग पडले. एका बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्याला शंभरावर वर्षे झाली. तरीही डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत केलेल्या पाहणीत हेच दिसले. नाव दलित किंवा मुसलमान असले की घर असूनही नकार मिळे, नाहीतर जादा अटी येत. कायद्याचा हातही इथे तोकडा पडतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली होती.

अशा वेळी काही कुटुंबे आडनाव बदलून सांगतात. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पेटीत जातो. मुलांना ‘शेजारी काही सांगू नका’ अशी ताकीद मिळते. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. डोक्यावर छप्पर नसताना माणूस काय करील? पण हे नक्की समजून घ्यावे, की असे घर सुरक्षित नाही. रोज कोणी ओळखील का या भीतीत राहावे लागते. १४ एप्रिल आली की मुले विचारतात, आपल्याकडे दिवे का लावायचे नाहीत? ज्या शेजाऱ्याला आपले खरे नावही सांगता येत नाही, त्याच्याकडे रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणले तर मदत कशी मागणार?

म्हणून ही गोष्ट टोकन देण्याआधीच स्पष्ट करावी. आपण बौद्ध आहोत, घरात मांसाहार होतो, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो असेल, हे शांतपणे सांगून टाकावे. नकार यायचा असेल तर पैसे हातात असतानाच येऊ द्या. मग दुसरी वस्ती पाहा. मिश्र वस्त्या आहेत, समजूतदार घरमालकही आहेत. शोधायला महिना-दीड महिना जास्त लागेल. तोवर नातेवाइकाकडे दाटीवाटीने राहणे परवडले. रविवारी जवळच्या विहारात जावे, वंदनेनंतर तिथल्या बायाबापड्यांशी बोलावे. कुठल्या चाळीत कोण मालक कसा आहे, कुठल्या गल्लीत मुलींना त्रास होतो, कुठे मदतीला माणसे धावतात, हे त्यांना तोंडपाठ असते.

‘आपल्याच वस्तीत’ जावे की मिश्र वस्तीत, असेही पुष्कळ जण विचारतात. आपल्या वस्तीत मायेची माणसे असतात, पण गुत्ता आणि अड्डा तिथेही असू शकतो. दिवा, पाणी, वाट आणि कागद या कसोट्या दोन्हीकडे सारख्याच लावाव्यात.

पहिल्या महिन्यात करायची कामे

खोली ठरली की मुलांचा शाळाप्रवेश पहिला. गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांचे गावचे रेशनकार्ड आता शहरातल्या दुकानातही चालते, त्यासाठी आधार जोडलेले हवे. मात्र गावचे जुने कागद जपून ठेवा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात आणि तो गावातच सापडतो.

जवळचे पोलीस ठाणे, सरकारी दवाखाना आणि रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान पायी चालत जाऊन पाहून यावे. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक घरातील लहानमोठ्या सर्वांना पाठ असावेत. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची ओळख पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी.

सुभेदार रामजींनी मुलाच्या शिक्षणासाठी मुंबईत बिऱ्हाड केले. पुढे परळच्या पोयबावडीतील ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब वीसहून अधिक वर्षे राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी जो ट्रस्ट स्थापन झाला, त्याने बांधलेली ती कामगारांची चाळ होती. खोल्या दोनच आणि लहान होत्या. पण तिथे नाव लपवावे लागत नव्हते आणि दिवा लावून अभ्यास करता येत होता. आपल्या ऐपतीत मोठी जागा बसणार नाही. पण जिथे लेक रात्री निर्धास्तपणे घरी येईल, पावसात छाती धडधडणार नाही आणि दारावर आपले खरे नाव लिहिता येईल, अशी दहा बाय दहाची खोली शोधली तर सापडते. ती सापडेपर्यंत घाई करू नका.